काकूंचे मोती

चरईतल्या काकू गेल्या तेव्हा त्यांचे दागिने घरच्यांनी वाटून घेतले. कच्चा माल मात्र त्यांच्या लेकीने, ताईने, माझ्याकडे आणून टाकला. "आम्हाला यातलं काय कळतंय? तूच वापर." मोती गाठवायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे नाही म्हणता येईना.

एका रविवारी नौपाड्यातल्या खोलीत सगळं पसरलं. काडेपेट्यांमध्ये आकारवार लावलेले मोती, पोवळी, काळे काचमणी, काळवंडलेली चांदीची तार. आणि एक अर्धवट तन्मणी. खोड, म्हणजे मधलं पदक, तयार, दोन पदर पूर्ण, तिसरा निम्म्यावर सोडलेला. जो तो म्हणत होता, तो तेवढा पुरा कर, काकूंना बरं वाटेल.

पदर जरा ताणून पाहिला तर रेशीम जागोजागी तुटलं आणि मोती फरशीवर पसरले. कुजलं होतं. शिवाय काकू डावखुऱ्या. त्यांच्या गाठींचा पीळ उलटा, माझा सुलटा, म्हणजे तिसऱ्या पदरात जोड कुठे आहे ते लांबूनही दिसलं असतं. कात्री घेतली आणि उरलेले पदरही कापले.

मला ते मोती तारेत हवे होते. पण जुन्या मोत्यांची भोकं फार बारीक, 26 गेजची, म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटरची तारही जाईना. भोक मोठं करता येतं, पण मोती तडकायची भीती, आणि वजन घटतं ते वेगळंच. मग तारेचा नाद सोडला. बारीक रेशमाच्या टोकाला फेव्हिकॉल लावून ते सुईसारखं कडक केलं आणि तसंच ओवलं. दोन मोत्यांत गाठ मारली. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो.

काकूंचा सगळा अभिमान मोती चढत्या क्रमाने लावण्यात. मी मुद्दाम लहानमोठे मिसळले, मध्ये काचमणी घातले आणि खोड मधोमध न ठेवता खांद्याकडे सरकवलं. हात जरा अडखळला, पण एरवी ते डब्यातच पडून राहिलं असतं.

ताई बघायला आली. पहिला प्रश्न, "बसऱ्याचेच ना गं?" म्हणजे आखातातले, नैसर्गिक. दातावर घासलं तर खरखर लागते, पण त्यावरून नकली नाही एवढंच कळतं. कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोतीही तसाच लागतो. नैसर्गिक आहे का, याची खात्री एक्स-रेशिवाय होत नाही. 'बसरा', 'अँटिक' असलं काही मी लिहून देणार नाही, 'जुने मोती, नवी घडण' एवढंच लिहीन, असं तिला सांगितलं. तिचं तोंड थोडं उतरलं.

मग गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिली.

"आईने हे कधीच घातलं नसतं."

"नसतंच घातलं."

"यावर कानातले होतील का?"

काडेपेटीत बघितलं. एका मापाचे दोन मोती निघत होते.