पंचवीस डॉलरचा व्हिसा आणि हजार रुपयांची वही

आधी एक आकडा पाठ करा: २५ डॉलर. व्हिएतनामचा एकदा आत जाण्याचा ई-व्हिसा एवढ्यालाच मिळतो. आम्ही तिघांनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याला माणशी साडेपाच हजार मोजले आणि त्या पैशात माझा चुकीचा व्हिसा घेतला. परत येऊन दोनच दिवस झालेत, कंबर अजून जाग्यावर आलेली नाही. पुढचं जरा तिखट लागलं तर चालवून घ्या.

बेत साधा होता. मी, मेहुणा आणि मेहुण्याचा एक दोस्त. उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग' नावाच्या भागातला लूप, साडेतीनशे किलोमीटरचा डोंगररस्ता, चार दिवस, दुचाकीवर. जुलैत गगनबावडा उतरलेल्या आणि धुक्यात आंबा घाट चढलेल्या माणसाला गाडी कशी चालवायची ते मी सांगायला नको. रेनकोट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट तुमच्याकडं असतातच. आपलं अडतं ते कागदावर.

"साहेब, एम्बसीचं काम आहे, पंधरा दिवस धरा," ट्रॅव्हलवाला म्हणाला. एम्बसीचा यात काडीचा संबंध नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम सगळ्याच देशांच्या लोकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं. अर्ज त्यांच्या सरकारी साइटवर घरबसल्या भरायचा. एकदाच आत जायचं तर २५ डॉलर, मधेच कंबोडियाला जाऊन परत यायचं असेल तर अनेक वेळा प्रवेशाचा ५० डॉलरचा. कार्डाचे चार्जेस धरून मला तेवीसशेच्या आसपास पडला. म्हणजे माणशी बत्तीसशे रुपये त्यानं एक फॉर्म भरायचे घेतले, आणि तोही नीट भरला नाही.

घोळ नावाचा. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि नावाच्या रकान्यात आपलं नाव आणि वडिलांचं नाव एकापुढं एक असतं. बायकांच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा नवऱ्याचं. आपण बोलताना मधलं नाव म्हणतो, पण पासपोर्टला मधलं नाव असला प्रकार ठाऊक नाही. ते सगळं मिळून तुमचं नाव. ट्रॅव्हलवाल्यानं माझ्या अर्जात वडिलांचं नाव गाळलं. मेहुण्याचं आणि त्याच्या दोस्ताचं बरोबर भरलेलं, माझ्याच वडिलांवर काय राग होता कुणास ठाऊक. निघायच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना मेहुणा तिन्ही पीडीएफ मोबाईलवर ताडून बघत होता. एकदम म्हणाला, "दाजी, ह्यात मामा कुठायत?" मामा म्हणजे माझे वडील.

ट्रॅव्हलवाल्याला तिथूनच फोन लावला. "चालतंय की साहेब, काय होत नाही." हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्याकडून कागद करून घेऊ नका. विमान कंपनीला विचारलं तर त्यांनी सांगितलं, पासपोर्ट आणि व्हिसा जुळला नाही तर मुंबईतच काउंटरवर अडवू. पुन्हा फोन केला तर म्हणे सरकारी फी परत येत नसते. ते खरंय, अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. पण माझे बत्तीसशे कुठल्या सरकारला गेले, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

मग त्याच रात्री घरी बसून स्वतः अर्ज भरला. पाऊण तास लागला, त्यातली पंचवीस मिनिटं कार्ड चालेना म्हणून गेली. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवलेला असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो आधी चालू करा. साइट शोधताना वर येणाऱ्या पाच-सहा लिंका झेंडा आणि राजमुद्रा लावून बसलेल्या खाजगी दुकानांच्या असतात, फी तिप्पट-चौपट. खरा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन'नं संपतो. तसा संपत नसेल तर पान बंद करा.

पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं स्कॅन पूर्ण हवं, खालच्या बाणबाणवाल्या दोन ओळींसकट. मोबाईलनं काढताना त्याच कापल्या जातात. चेहऱ्याच्या फोटोत चष्मा नको. जन्मतारीख टाकताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही ना, ते दोनदा बघा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर असू द्या. ज्या विमानतळावरून किंवा सीमेवरच्या ज्या ठाण्यावरून आत जाणार तेच फॉर्ममध्ये निवडायचं, कारण ते व्हिसावर छापून येतं. हनोईला उतरणार असाल तर नोई बाई. लाओसमधून बसनं येणार असाल तर ते ठाणं यादीत आहे का आधी बघा, आयत्या वेळी बेत बदलू नका. सुरुवातीची तारीख उतरायच्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधीची टाका. विमान रात्रीचं असतं, तारखेचा घोळ होतो, आणि ९० दिवस त्याच पैशात मिळत असताना दोन दिवस वाया गेले म्हणून कोण रडतंय?

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं ६३ प्रांतांचे ३४ केले, त्यात हा जियांग तुयेन क्वांगमध्ये गेला. जुन्या ब्लॉगवरचा आणि हॉटेलच्या कार्डावरचा पत्ता अजून हा जियांगचाच असतो. राहण्याच्या पत्त्यात मी सरळ हनोईतलं पहिल्या रात्रीचं हॉटेल टाकलं.

तीन दिवसांत व्हिसा, असं सांगतात. ते कामाचे तीन दिवस. शनिवार-रविवार त्यात नाहीत, आणि त्यांच्या तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणात अर्ज पडला तर देवाचं नाव घ्या. माझा शुक्रवारी रात्री भरलेला अर्ज बुधवारी संध्याकाळी मंजूर झाला आणि गुरुवारी रात्री आमची महालक्ष्मी एक्स्प्रेस होती. ते पाच दिवस मी दर तासाला नोंदणी क्रमांक टाकून बघत होतो. बायको म्हणाली, बोर्डाच्या निकालाला पण एवढं नव्हतं. निदान तीन आठवडे आधी भरा.

आलेल्या व्हिसाच्या दोन प्रिंट काढा. मुंबईत काउंटरवर कागद मागतात, मोबाईल दाखवला की तोंड वाकडं करतात. हनोईत मात्र चाळीस मिनिटं रांग, एक शिक्का, प्रश्न एकही नाही. रांगेच्या अलीकडं 'फास्ट ट्रॅक'च्या पाट्या घेऊन माणसं उभी असतात, त्यांना पैसे देऊ नका. हनोईचे दोन दिवस आणि 'हा लाँग बे' या खाडीतली बोट छान झाली, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

आता ती हजार रुपयांची वही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपण कोल्हापूरच्या आरटीओतून काढला, हजार रुपये भरले, वही हातात आली, वर्षभराची मुदत. तिघंही खुशीत. ती वही व्हिएतनाममध्ये चालत नाही. भारत हा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली देतो आणि व्हिएतनाम मानतं तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. आपल्या वहीवर कुठला करार ते छापलेलं असतं, आम्ही वाचलं नव्हतं. कोण वाचतं?

हा जियांग गावात गाड्या भाड्यानं देणाऱ्यानं वही उघडली, मान हलवली, म्हणाला, "नो प्रॉब्लेम." पुन्हा तेच वाक्य, भाषा तेवढी वेगळी. गाव सोडून क्वान बाच्या चढाला लागायच्या आधीच पोलिसांनी बाजूला घेतलं. पोलिसानं वही उघडली, सन वाचला, मिटून माझ्या हातात परत दिली. काही उद्धट बोलला नाही, आवाजही चढवला नाही. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमानं परवान्याशिवाय १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवली तर २० ते ४० लाख डोंग दंड, त्यावरच्या गाडीला ६० ते ८० लाख. आमच्या गाड्या ११० च्या होत्या म्हणून माणशी वीस लाखांवर भागलं. वीस लाख ऐकून मेहुण्याचा दोस्त कठड्यावर बसला. रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, म्हणजे सात हजाराच्या आत-बाहेर. पावती मिळाली. दुकानदारानं गाड्यांचं भाडं परत दिलं नाही, उलट हसत विचारलं, रायडर देऊ का?

घेतले. तिथं याला ईझी रायडर म्हणतात: गाडी त्यांची, चालवणारा स्थानिक पोरगा, आपण मागं. पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस वीस वर्षांच्या पोराच्या मागं हेल्मेट घालून बसतो तेव्हा काय वाटतं ते लिहीत नाही. पण माझं मत आता पक्कं आहे: कोल्हापूरहून जाताय तर पहिल्यापासून रायडरच घ्या. दंडाचं सोडा, परवाना वैध नसताना पडलात तर प्रवास विमाही हात वर करतो, आणि हनोईचा चांगला दवाखाना तिथून तीनशे किलोमीटर. गाडी स्वतःच चालवायची खाज असेल तर गोव्याला जावा. आणि चालवणारा तुम्ही असाल तर बीअरचा एक घोटही नको, तिथं मर्यादा शून्य आहे.

मा पी लेंगची खिंड मागं बसून बघितली. डाँग वान ते मेओ वाक, वीस-बावीस किलोमीटर, खाली न्यो क्वे नदीची हिरवी रेघ. हा रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये लोकांनी हातानं फोडलाय, कड्यावर दोरानं लोंबकळून. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं हँडल माझ्या हातात नाही, नाहीतर मी रस्ताच बघत बसलो असतो. तेवढ्यात पोरानं वळणावर ट्रकला ओलांडलं आणि माझं मत बदललं. पुढच्या वळणावर पुन्हा बदललं.

नोटांचं सांगायचं राहिलं. वीस हजाराची नोट आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळ्या. अंधारात देताना शून्य मोजा. मी कॉफीवाल्या आजीला पाच लाखाची दिली होती, तिनं हात धरून परत दिली.

पासपोर्ट हॉटेलवाले रात्री काउंटरवर ठेवून घेतात. परदेशी माणसाची नोंद पोलिसांकडं करावी लागते त्यांना, घाबरू नका, पण सकाळी मागून घ्यायला विसरू नका. मेओ वाकला मेहुण्याचा राहिला. अठरा किलोमीटर पुढं आल्यावर चहाच्या टपरीवर त्याच्या लक्षात आलं. त्याचा रायडर काही न बोलता वळला, मेहुणा मागं बसला, आणि आम्ही दोघं दीड तास टपरीवर शेंगदाणे खात बसलो.