लाईट गेली की रेकॉर्डिंग: टॅबची तडतड अखेर सापडली

सापडली! टॅबवर, म्हणजे आयपॅडवर, रेकॉर्डिंग करताना तीन आठवडे जिनं डोकं उठवलं त्या तडतडीचं मूळ बफरमध्ये नव्हतं, केबलमध्ये नव्हतं, हबमध्येही नव्हतं. ते होतं सोलापुरी चादरीत.

काम चालू आहे भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगचं: पेटी, पखवाज, टाळ, मुख्य आवाज आणि मागून साथ गाणारे झीलकरी. जागा म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातली आमची माडी, आणि शेजारी पॉवरलूम. त्यामुळे रेकॉर्डिंगची वेळ आपल्या हातात नाही. दुपारी लाईट गेली, माग थांबले, गल्ली गप्प झाली की आमचा स्टुडिओ उघडतो. टॅब घेतला तो एवढ्याचसाठी. पंखा नाही, बॅटरीवर चालतो, इंटरफेसलाही (माइकचा आवाज टॅबमध्ये नेणारा डबा) वीज तोच पुरवतो. डेस्कटॉप असता तर शांतता झाली त्याच क्षणी तोही झोपला असता.

पण दर दुपारी एकच रड. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान, मग हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी पडावी तशी तडतड. बफर, म्हणजे टॅब एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांवर होता. तो लहान असला की आवाज लगेच कानात येतो, पण प्रोसेसरची धावपळ वाढते. ४८ किलोहर्ट्झला म्हणजे २.७ मिलिसेकंद. २५६ केला, ५१२ केला. तडतड जरा हटायची, पुन्हा यायची. १०२४ वर थांबली, पण तिथं नुसत्या आत येण्याचेच २१ मिलिसेकंद, बाहेर जाण्याचे आणखी तेवढेच. मुख्य गाणाऱ्या अण्णांना कानात रिव्हर्ब (घुमारा) लागतो आणि तो टॅबमध्ये तयार होतो, म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे टॅबला वळसा घालून इंटरफेसमधूनच थेट ऐकणं, बंद. पखवाजवाले मामा चार आवर्तनं वाजवून थांबले. म्हणाले, "माझा हात बरोबर हाय की ओ, तुमचं यंत्र मागं पडतंय." बरोबरच होतं त्यांचं.

मग टॅब आणि इंटरफेस जोडणाऱ्या यूएसबी हबवर संशय. नवी पेठेतून दुसरा आणला, फरक शून्य. (हबच्या खोक्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. फँटम (कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून मिळणारी वीज) चालू करून तो माइक लावा आणि अर्धा तास बघा, तीच खरी परीक्षा.) केबल बदलली. नको ते अ‍ॅप काढून टाकले. एक दिवस तर रागानं प्रोजेक्ट पुन्हा पहिल्यापासून उभा केला, ती मेहनत आता आठवायलाही नको.

एका रात्री झोप येईना म्हणून साडेतीनला तेच प्रोजेक्ट उघडलं. तेच प्लगिन (रिव्हर्बसारखे आवाज बदलणारे जोड-प्रोग्राम), बफर १२८, तासभर लूपवर. एक टिचकीसुद्धा नाही! शिवाय दुपारच्या ट्रॅकचा ऑफलाइन एक्स्पोर्ट, म्हणजे वेळेची घाई न ठेवता बनवलेली फाइल, ऐकला तर बहुतेक स्वच्छ. म्हणजे दुपारी प्रोसेसरला वेळेत पोचता येत नव्हतं, एवढंच. पखवाजाचे दोन टेक मात्र रेकॉर्ड होतानाच तुटलेत, ते गेले.

दुसऱ्या दुपारी तडतड सुरू होताच टॅब उचलला. पाठ तव्यासारखी. टॅब तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसर हळू करतो, तडतड त्यामुळेच. स्क्रीन आपोआप मंद व्हायची, ते मी ऑटो ब्राइटनेसवर ढकलत होतो.

गंमत बघा. आयपॅड कुठल्या तापमानात वापरावा हे कंपनीच सांगते: ० ते ३५ अंश. इथं उन्हाळ्यात सावलीतसुद्धा चाळीस. लाईट नाही म्हणजे खोलीचा पंखा बंद. टॅबच्या पोटात पंखा नाही, उष्णता बाहेर पडते ती बहुतेक पाठीच्या ॲल्युमिनियममधून. आणि मी काय केलं होतं? काचेवर बोट आपटल्याची टकटक टेबलातून माइकमध्ये जाते म्हणून टॅबखाली चौपदरी चादर घातली होती, तीही जाड कव्हरासकट. भिंतीवर टांगलेल्या चादरींनी खोलीचा घुमार छान मारला, म्हणून चादर सगळीकडेच चालते असं वाटलं. थंडीत चालते की!

उपाय तीन. कव्हर काढलं. टॅब पापड भाजायच्या जाळीवर ठेवला, जाळीच्या पायांखाली रबराचे तुकडे, त्यामुळे टकटकही गेली. आणि इंटरफेसच्या मागं ५ व्होल्टचं वेगळं सॉकेट आहे, त्याची मी दोन वर्षं फक्त धूळ पुसली. तिथं पॉवरबँक लावली, फँटमचा भार टॅबवरून उतरला. परवाच्या दुपारी खोलीत ३९ अंश, बफर १२८, सलग पन्नास मिनिटं आणि तडतड नाही. चाळिसाव्या मिनिटाला स्क्रीन मंद झाली, आवाज तुटला नाही. मामांनी एका टेकमध्ये ठेका बांधला आणि स्वतःच "पुन्हा ऐकवा" म्हणाले. हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा.

"टॅबवर प्रो काम होईल का" या आपल्या जुन्या भांडणात माझी बाजू आता थोडी सरकलीय. ॲप कमी नाहीत. गॅरेजबँड २०११ पासून आहे, क्युबेसिस २०१२ पासून, २०२३ मध्ये लॉजिक प्रो आलं. २०१५ पासून एयूव्ही ३ (ॲपलची प्लगिनची पद्धत) मुळे प्लगिनही रेकॉर्डिंगच्या ॲपच्या आतच उघडतात. संगणकावरचं प्लगिन टॅबवर चालत नाही, त्याची टॅबची आवृत्ती बहुतेकदा वेगळी विकत घ्यावी लागते, हे दुखणं आहेच. पण मला आता बेंचमार्कचा पहिल्या मिनिटाचा आकडा नको. तापलेल्या खोलीत पंचेचाळिसाव्या मिनिटाला किती ट्रॅक ओढतो ते सांगा. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये उष्णता पसरवायला ग्रॅफाइट आणि लोगोत तांबं घातलंय, म्हणजे त्यांनाही हा प्रश्न पडलाय.

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा बेत तूर्त बाजूला. खरं तर हे लिहितालिहिताच सुचलं: दुपारी रिव्हर्ब सोडून सगळे प्लगिन बंद, नुसतं रेकॉर्डिंग, मिक्स पहाटे, गार असताना. पेटीचे ट्रॅक तर फ्रीझच करून टाकतो, म्हणजे प्लगिनसकट तयार आवाजच साठवतो, प्रोसेसरवर भार नको. पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा झीलकऱ्यांचे आवाज घ्यायचेत, चार माणसं खोलीत म्हणजे आणखी दोन अंश तरी वाढणार.

यूएसबीवरचा छोटा पंखा टॅबच्या पाठीशी लावून कुणी रेकॉर्डिंग केलंय का? कंडेन्सरपासून किती लांब ठेवला की घरघर येत नाही? लवकर कळवा, घरून जाळी परत मागितली जातेय.