आठवीची पोरं आणि सिन्नरची गारगोटी: आधी तुरटी लावा, मग जा

परवा आठवीची ३८ पोरं घेऊन सिन्नरच्या एमआयडीसीतल्या गारगोटी म्युझियमला, म्हणजे खनिजांच्या स्फटिकांच्या संग्रहालयाला, जाऊन आलो. ही दुसरी खेप. गेल्या वर्षी थेट नेलं होतं तर पोरं "भारीये सर" म्हणत वीस मिनिटांत बाहेर, आणि मला फार लागलं ते, कारण आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांतनं निघालेलं स्टिलबाइट, ॲपोफिलाइट, वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट, या खनिजांसाठी जगभरातले संग्राहक धडपडतात.

म्हणून यंदा, स्फटिक कसा वाढतो ते पोरांनी आधी स्वतः पाहावं यासाठी, तीन आठवडे आधी वर्गात तुरटी लावली, म्हणजे तिचे स्फटिक वाढवायला ठेवले. किराणा दुकानातलीच, अर्धा लिटर गरम पाण्यात साधारण १२० ग्रॅम पूड विरघळवायची, फडक्यातनं गाळायचं, रात्रभर हलवायचं नाही. सकाळी तळाशी बारीक खडे दिसतात, त्यातला स्वच्छ एक निवडून नायलॉनच्या दोऱ्याने त्याच पाण्यात टांगायचा, वर कापड बांधायचं. दोन दिवसांनी पुन्हा नवीन पाणी करून घालणार असाल तर ते पूर्ण गार होऊ द्या! आमचे सहा खडे कोमट पाण्यात विरघळले, पोरं रडकुंडीला आली होती.

आदल्या दिवशी अंधाऱ्या वर्गात छत्रीच्या कापडातनं लेझर मारला, भिंतीवर ठिपक्यांची जाळी उमटली, कापड फिरवलं की जाळीही फिरते. स्फटिकातले अणू कापडाच्या या धाग्यांहून कितीतरी जवळ असतात म्हणून तिथे एक्स-रे लागतात, आणि एक्स-रेने स्फटिकांची रचना शोधण्याच्या या कामावरच ब्रॅग या शास्त्रज्ञ बाप-लेकांना १९१५ चं नोबेल मिळालं, लेक तेव्हा २५ वर्षांचा, हे ऐकून मागचा बाकसुद्धा गप्प. (लेझर मात्र शिक्षकाच्याच हातात हवा, डोळ्यांचा प्रश्न आहे.)

म्युझियममध्ये हिरव्या ॲपोफिलाइटसमोर एकाने विचारलं, "सर, एवढं गुळगुळीत कुणी कापलंय?" मी तोंड उघडायच्या आत शेजारची पोरगी म्हणाली, "कापलं नाही रे, असंच वाढलंय," आणि कंपासपेटीतनं कापसात गुंडाळलेला स्वतःचा तुरटीचा खडा काढून त्याच्या आठही बाजू तिने त्याला मोजून दाखवल्या. त्या कपाटापाशीच अर्धा तास गेला.

जाणार असाल तर आधी फोन करून वेळ आणि तिकीट विचारून घ्या, दहा-बाराचे गट पाडा. सगळं काचेआड असतं, त्यामुळे हातात द्यायला मीठ, खडीसाखर, भिंगं आणि मिळाला तर पारदर्शक कॅल्साइटचा तुकडा सोबत ठेवा, पेपरवर ठेवला की अक्षरं दोन-दोन दिसतात, परतीच्या गाडीत तो सिन्नर सोडल्यापासून हातोहात फिरत होता.