तुम्ही विचारलंत म्हणून: ११ हजारांचं खातं कुठे गेलं?

लग्नाकार्यात विचारून झालं, बँकेच्या काउंटरवर विचारून झालं. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस असताना विचारलं, "तुमचं ते दिव्यावर येणाऱ्या पतंगांचं इन्स्टाग्राम बंद का केलंत? ११ हजार फॉलोअर्स होते ना? आणि आता हे ६३ जणांचं नवीन कशासाठी?"

"वेळ मिळत नाही हो," असं सांगून मी दर वेळी सुटका करून घेते. ते खोटं आहे. वेळ पूर्वीइतकाच जातो. पावसाळ्यात रात्री साडेदहाला न्हाणीघराबाहेरच्या दिव्याखाली मी अजूनही स्टुलावर चढलेली असते.

फुलपाखरांचं कौतुक सगळ्यांना. ब्लू मॉरमॉनला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मानसुद्धा मिळाला. पतंगांच्या वाट्याला झाडू. भारतात त्यांच्या १० हजारांहून जास्त जाती आहेत, त्यातल्या दहा-बारा आपल्या भिंतीवर कोणत्याही रात्री बसलेल्या असतात आणि आपण "किडे आले, दिवा घालव" म्हणतो. मला एवढंच दाखवायचं होतं. तेव्हा फॉलोअर्स ३४०, त्यातले निम्मे भिडेखातर राहिलेले नातेवाईक.

मग २०२१च्या पावसात ओटीच्या खांबावर अ‍ॅटलस बसला. ताटलीएवढा पतंग, पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखी नक्षी. वीस सेकंदांचा रील टाकला आणि झोपले. आठवड्यात चार लाख लोकांनी पाहिला, ३४०चे ११ हजार झाले. मला आवडलं. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू? पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातांनी आकडा बघायचे. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामी, आता खंड पाडायचा नाही. रोज एक, सकाळी सातच्या आत." पतंगांना हे कोण सांगणार?

त्याच महिन्यात मून मॉथ आली. मादी होती, पोट जाड. फिकट पोपटी रंग, मागच्या पंखांना लांब शेपट्या. उडताना या शेपट्या गरगरतात, वटवाघळाची झेप चुकून त्यांच्यावर पडते आणि पतंग वाचतो. हिची डावी शेपटी अर्ध्यातून तुटलेली होती, म्हणजे एक झेप चुकवूनच आली असावी. पण ती काही केल्या स्थिर बसेना, पंख थरथरत होते. थंडीत पतंग सुस्त होतात हे मी वाचलं होतं. तिला प्लॅस्टिकच्या डब्यात घेतलं. जेवणं उरकेपर्यंत डबा टेबलावर होता. मग फ्रिजमध्ये फार वेळ लागेल म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. दहा मिनिटं, फक्त दहा. आणि फोन घेऊन बसले. अ‍ॅटलसखाली दोनशे कमेंट आल्या होत्या, प्रत्येकाला उत्तर द्यायचं, असं भाच्याने बजावलेलं.

सकाळी दुधाची पिशवी ठेवायला फ्रिज उघडला तेव्हा आठवलं.

डब्याच्या भिंतीला सात अंडी चिकटलेली होती. मोहरीएवढी, पांढरट, त्यावर तपकिरी ठिपके. जेवण चालू असतानाच घातली असणार.

इथवर मी दोघा-तिघांना सांगितलंय. पुढचं नाही. मी तिला ओट्यावर तासभर ठेवलं, पंख सैल झाल्यावर जास्वंदीच्या फांदीत तिचे पाय अडकवले आणि फोटो काढला. पहिल्यांदाच एकही फोटो हलला नाही. सातच्या आत काही जमलं नाही, नऊला टाकला. १९०० लाइक्स. "किती छान पोझ दिलीये!" ११ हजार लोक, आणि एकालाही कळलं नाही. मी कमेंटला बदाम पाठवला.

तुम्हाला वाटेल, त्याच दिवशी खातं बंद केलं असेल. नाही केलं. त्यानंतर आठ महिने मी रोज टाकत राहिले. पतंग नसले की जुनेच फिरवून. बंद केलं ते कुणीतरी तोच फोटो परत शेअर करून "निसर्गाची शांतता" असं लिहिलं तेव्हा.

आता ६३. लाइक्सचे आकडे लपवायची सोय आहे, ती वापरते. फॉलोअर्सचा आकडा लपत नाही. परवा ६४ होते, दुसऱ्या दिवशी ६३. कोण गेलं हे शोधण्यात मी दहा मिनिटं घालवली. तेव्हा मी सुधारले वगैरे समजू नका.

मजा कसली, हेही विचारता ना? सावंतवाडीकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. फारसं लिहीत नाहीत, रोज रात्री आपल्या पडवीतल्या ट्यूबलाइटचा फोटो पाठवतात. मागच्या जूनमध्ये एका रात्री त्यांच्या ट्यूबवर आणि माझ्या भिंतीवर एकच पतंग, लाकडाच्या भुशासारखा, नखाएवढा. दोघांची वेळ ९:४०. नाव अजून दोघांनाही सापडलेलं नाही, आणि त्यावरून आमचं रात्री अकरापर्यंत चालतं. पहिल्या पावसानंतर कोण कधी आलं हे बघायला मी माझंच खातं चाळते. माझी रोजनिशीच ती.

२०२१ची मी मात्र गप्प बसत नाही. म्हणते, "त्या ११ हजारांतल्या शंभरांनी तरी झाडू खाली ठेवला असेल. नाशिकची ती बाई आठवते का? तिची मुलगी पतंग स्टीलच्या पेल्यात धरून बाहेर सोडायला लागली होती. तिलाही न सांगता दार लावून आलीस. तुझ्या ६३ जणांना तर आधीच पतंग आवडतात." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. भाच्याकडेही नाही. तो आता घरांच्या जाहिराती करतो.

गेल्या आठवड्यात मून मॉथ आली होती, दोन्ही शेपट्या शाबूत. तीन फोटो काढले, तिन्ही अस्पष्ट. त्यातला एक टाकला. कंडक्टरसाहेबांनी लिहिलं, "हलली वाटतं."

"हो, हलत होती," मी लिहिलं.