उधारीची वही

आईला फोनवर सांगितलं, "इथे संपावर बसलेल्या माणसाला युनियन पैसे देते. पगाराएवढे नाही, पगारापेक्षा जास्त."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "मग त्याला संप कशाला म्हणायचं? रजा म्हणा की."

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते. नकाशावर असं लिहितात, इथली माणसं 'योतेबोरी' म्हणतात. अकरा वर्षं झाली, तरी दुकानात मी हा उच्चार केला की समोरचा लगेच इंग्रजीत बोलायला लागतो. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ऑफिसात कॉफीच्या वेळी गाड्यांबद्दल बोलणं चालतंच. गेली दोन वर्षं त्यात एक विषय पुनःपुन्हा येतो, तो म्हणजे टेस्लाचा संप. २७ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला. दोन वर्षं उलटली, अजून मिटलेला नाही.

तुम्हाला वाटेल, केवढा मोठा संप असेल. तर संपावरचे मेकॅनिक शंभराच्या आगेमागे. टेस्लाचा स्वीडनमध्ये कारखानाच नाही, गाड्या दुरुस्त करायची वर्कशॉप्स आहेत. त्यातलेही सगळे बाहेर पडले नाहीत, बरेच जण आत काम करताहेत. मागणी पगारवाढीची नाही. कंपनीनं 'कोलेक्तिवआव्ताल'वर, म्हणजे युनियनबरोबरच्या सामूहिक करारावर सही करावी, एवढंच मागणं आहे. कंपनी म्हणते, आम्ही जगात कुठेच असली सही करत नाही.

हे कळायला मला वेळ लागला, कारण एक गोष्ट डोक्यात बसतच नव्हती. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. सरकार तासाला अमुक एवढे द्या असं सांगतच नाही. दहातल्या नऊ नोकरदारांचा पगार, रजा, जादा कामाचे पैसे, पेन्शनचा हिस्सा, हे सगळं युनियन आणि मालकांच्या संघटना समोरासमोर बसून ठरवतात. २०२२ मध्ये युरोपियन युनियननं किमान वेतनाचा नियम आणला तेव्हा त्याला सगळ्यात कडवा विरोध कुणी केला असेल? इथल्या कामगार युनियननी. सरकारनं ठरवलेला पगार सरकार बदललं की बदलेल, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ती मालकाचीच भाषा वाटली होती.

म्हणजे इथे कायद्याच्या जागी तो करारच आहे. एका बड्या कंपनीनं करार झुगारला आणि पचवला, तर उद्या दुसरी झुगारेल. म्हणून शंभर मेकॅनिकच्या मागे बाकीचे उभे राहिले. बंदरावरच्या कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायचं बंद केलं. इलेक्ट्रिशियननी चार्जिंगची दुरुस्ती थांबवली, सफाईवाल्यांनी वर्कशॉप झाडायचं थांबवलं. नव्या गाड्यांच्या नंबरप्लेट टपालानं येतात, तर पोस्टातल्या कामगारांनी टेस्लाचं ते टपाल पोचवायचं नाकारलं. इलॉन मस्क म्हणाले, हा वेडेपणा आहे. कंपनी कोर्टात गेली. डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या युनियननीही इथल्यांना साथ दिली. सहानुभूतीचा संप इथे कायद्यानं चालतो. जो पोस्टमन टेस्लाचा नोकर नाही, ज्याचं त्यात काही अडलेलं नाही, तो आपल्या पिशवीतून एक पाकीट बाजूला काढून ठेवतो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी बघायला गेले. शहराच्या कडेला औद्योगिक वसाहत, आडवा पाऊस, दुपारी साडेतीनलाच अंधार पडायला लागलेला. गेटच्या बाहेर चार माणसं, अंगावर जॅकेटं, त्यावर 'स्ट्रेइकवाक्त' असं लिहिलेलं, म्हणजे संपाचे पहारेकरी. एक छोटा तंबू, थर्मास, पावात घातलेली सॉसेजं. घोषणा नाहीत. लाल झेंडाही नाही, युनियनचा एक फलक तेवढा. मला जरा विरसच झाला, खरं सांगते. मी संप म्हणजे काय ते लालबाग-परळात पाहिलेलं आहे.

माझा जन्म डिलाइल रोडच्या चाळीतला. त्या रस्त्याचं आताचं नाव ना. म. जोशी मार्ग. हे जोशी म्हणजे १९२० साली आयटक हा कामगार संघटनांचा महासंघ स्थापन करणाऱ्यांपैकी एक, पण रस्त्यावरून रोज जाणाऱ्या आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. बाबा कापडगिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर. नऊ वर्षं बदली कार्डावर काढून मग कायम झाले. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी, याला बदली म्हणत. आणि आई खानावळ चालवायची. बारा बाय दहाच्या खोलीत स्टोव्ह, पाटा, आणि आमच्या संगमेश्वरकडची अकरा माणसं पंगतीला. सगळी गाळ्यात, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीत राहणारी, बायकामुलं गावी. पाळीप्रमाणे जेवायला यायची. भात, आमटी, भाकरी, सुक्याचं काहीतरी. पैसे पगाराला. आई निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, साठच्या वर गिरण्या. मी सहा वर्षांची. भोंगा वाजला नाही की सकाळ झाली हेच कळायचं नाही, एवढं मला पक्कं आठवतं. नेता दत्ता सामंत. त्यांच्याकडे कामगार का गेले, हे इकडे आल्यावर मला नीट उलगडलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकाच युनियनला बोलणी करायचा हक्क दिला होता. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि कामगारांचा त्या संघावर विश्वास उरला नव्हता. म्हणजे ज्याच्या मागे माणसं होती त्याला टेबलाशी जागा नाही, आणि ज्याला जागा होती त्याच्या मागे माणसं नाहीत. संप बेकायदा ठरला. अधिकृतपणे तो कुणी मागेही घेतला नाही, नुसता विरत गेला.

पहिल्या महिन्यात कुणाला फारशी काळजी नव्हती. १९७४ चा संप बेचाळीस दिवस चालला होता, सगळ्यांचा हिशोब त्या बेताचा. आईनंही बेचाळीस दिवस धरून तांदूळ भरला होता. त्रेचाळिसाव्या दिवशी अकरा माणसं पंगतीला आली तेव्हा तिनं वाढलं. साठाव्या दिवशीही वाढलं. सुकं बंद झालं, मग आमटी पातळ झाली, मग भाकरी एकवेळ. वहीत मात्र रोज नोंद. शेवटी पितळेचा हंडा गेला, पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या. पावसाळ्याच्या तोंडाला निम्मी माणसं लावणीसाठी गावी गेली, बाबाही गेले. काही परत आलीच नाहीत.

गिरणगावात संपाचा फंड म्हणजे या बाया होत्या, हे मी आज म्हणते. तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. सभा पुरुषांच्या, भाषणं पुरुषांची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९७४ च्या संपात याच बायांनी उधारीवर जेवू घातल्याचं त्यांनी जवळून पाहिलं होतं. सावकाराच्या तावडीतून सुटायला बँकेचं कर्ज मिळावं, हा हेतू. आई त्यात नव्हती. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही," एवढंच म्हणते.

आता गेटबाहेरच्या त्या चार माणसांकडे परत येते. त्यांतल्या एका पन्नाशीच्या माणसानं मला कॉफी दिली आणि विचारलं, तू पत्रकार का? मी म्हटलं, नाही, गिरणी कामगाराची मुलगी. माझं स्वीडिश बेताचंच, पण हे वाक्य मी ट्राममध्ये जुळवून ठेवलं होतं. त्यानं सांगितलं की 'इएफ मेताल' या त्यांच्या युनियनचे तीन लाखांच्या आसपास सभासद आहेत. वर्षानुवर्षं साठवलेल्या संपनिधीतून संपकऱ्याला पगाराच्या १३० टक्के मिळताहेत. त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती, विम्याची माहिती द्यावी तसं बोलत होता. घराचा हप्ता चुकलेला नाही. मुलाची हॉकी चालू आहे. त्रास होतो तो आतल्या सहकाऱ्यांशी बोलणं तुटलं त्याचा. कंपनीनं बाहेरच्या देशांतून संपफोडे आणले असं युनियनचं म्हणणं, पण त्याला जास्त लागलं होतं ते वेगळंच. दहा वर्षं एका टेबलावर जेवलेला मित्र आता गाडीची काच वर करून निघून जातो.

हे सगळं आयतं आलेलं नाही. १९०९ चा सार्वत्रिक संप इथल्या कामगारांनी हरला होता, जवळजवळ तीन लाख माणसं बाहेर पडूनही. तिजोरी रिकामी झाली, निम्मे सभासद पुढच्या काही वर्षांत सोडून गेले. मे १९३१ मध्ये ऑदालेन खोऱ्यात मोर्चावर लष्करानं गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. त्यानंतर १९३८ मध्ये साल्टशेबाडेन या गावी मालक आणि युनियन यांचा मोठा करार झाला, आणि आज जी शिस्तशीर, जरा कंटाळवाणी पद्धत दिसते ती तिथून रुळली. आपल्याकडे १९८२ नंतर असं काही घडलं नाही. गिरण्यांचे मॉल आणि टॉवर झाले, माल भिवंडीच्या यंत्रमागांवर निघायला लागला. बाबाही तिकडेच गेले, बारा तासांच्या पाळीवर, निम्म्या पैशात. म्हाडाच्या घरासाठी त्यांच्या नावचा अर्ज लाखाहून अधिक अर्जांत कुठेतरी आहे. बाबा २००९ मध्ये गेले.

मी आले त्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं होतं, "तू कुठल्या युनियनमध्ये?" मी हिंजवडीतून आलेली. तिथे हा शब्द लिफ्टमध्येसुद्धा कुणी उच्चारत नाही. मला वाटलं, परीक्षा घेतेय. मॅनेजर स्वतः सभासद आहे हे कळलं तेव्हा तर सापळाच वाटला. वर्षभर टाळलं. मग आमच्याच विभागात नोकरकपात आली. वर्क परमिटवरच्या एका मुलाची नोकरी गेली, तीन महिन्यांत दुसरी न मिळाल्यास देश सोडायचा. युनियनची बाई त्याच्या बाजूनं बोलणीला बसली, नोटिशीचा काळ वाढवून घेतला, त्याला त्या मुदतीत काम मिळालं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. बेरोजगारीच्या विम्यासकट महिन्याला चारशे क्रोनाच्या आसपास जातात, साडेतीन हजार रुपये म्हणा. आपले इथले काही लोक म्हणतात, फुकट पैसे घालवतेस. त्यांचे पगारही त्याच करारानं वाढतात, हे मी दिवाळीच्या पार्टीत एकदा बोलले आणि चकल्यांचा विषय निघाला.

स्वर्ग वगैरे नाही हं हा देश. वारसा कर २००४ मध्ये गेला, संपत्ती कर २००७ मध्ये. पगारातली दरी लहान आहे, पण मालमत्तेतली खूप मोठी, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. माझ्या घरापासून ट्रामनं पाऊण तासावर हामरकुलेन आहे, १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत सरकारनं दहा लाख घरं बांधली त्यातली वस्ती. बाहेरून आलेले बहुतेक तिथे किंवा तसल्या ठिकाणी. रात्री साडेनऊला माझ्या दारात जेवणाची पिशवी घेऊन येणारा मुलगा तिथूनच येतो. एकदा त्याच्या सायकलची चेन निसटली होती, म्हणून जिन्याखाली बोलत थांबलो. बांगलादेशचा, मास्टर्सला आलेला. नोकरी अॅपच्या कंपनीत नाही, मधल्याच कुठल्यातरी कंपनीच्या कागदावर. ऑर्डर आली तर पैसे. मी विचारलं, आज किती झाल्या? म्हणाला, थांबून बघायचं, कुणी लॉगइन नसेल तर मिळतात.

बदली कार्ड. शब्द तेवढा बदललाय. युनियननी इथेही प्रयत्न केलेत, एका कंपनीबरोबर २०२१ मध्ये करारही झाला, पण मधल्या कंपनीच्या कागदावरचा हा मुलगा त्यात बसत नाही. १३० टक्क्यांचा निधी आहे तो सभासदाचा. हा कुणाचाच सभासद नाही. त्याच्यासाठी पोस्टमन पाकीट बाजूला ठेवणार नाही. मला हे गेटबाहेरच्या त्या माणसाला विचारायचं होतं. कॉफी दिलेल्या माणसाला विचारणं जमलं नाही.

गेल्या १ मे ला मी यार्नटोर्येट चौकातून निघालेल्या मोर्चात चालले. बॅंड, लाल झेंडे, बाबागाडीतली पोरं, मागे पुन्हा बॅंड. त्याच दुपारी मराठी मंडळींचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, मला उशीर झाला. कुठे होतीस म्हणून विचारलं, सांगितलं. "अगं पण आज महाराष्ट्र दिन ना?" हुतात्मा चौकातल्या पुतळ्यात मशाल कुणाच्या हातात आहे ते मी सांगणार होते, एक शेतकरी आणि एक कामगार. पण तेवढ्यात लावणी सुरू झाली, आणि बाई नाचत छान होती.

रात्री आईला फोन केला. मोर्च्याचं सांगितलं, संपाचं पुन्हा सांगितलं, यावेळी ते १३० टक्के नीट हिशोब करून. निळी वही अजून तिच्याकडे आहे, कपाटात लग्नाच्या शालूखाली. काहींनी पुढे पाच-सहा वर्षांनी येऊन पैसे दिले, एकानं भिवंडीहून मनीऑर्डर केली होती. बाकीच्या नावांवर रेघ नाही. तिनं कधी कुणाकडे मागितले नाहीत, आणि वही फाडलीही नाही.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

"आणि त्यांना जेवायला कोण घालतं?"

"कुणी नाही गं. आपापला डबा आणतात."

"दोन वर्षं?"

"हो."

"मग बरं आहे," आई म्हणाली, आणि माझ्या गुडघ्याचं विचारायला लागली.