तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा सुटतोय, धंदा काढून द्यावा का?

प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, कधी मोठी बहीण. "मुलगा पुढल्या महिन्यात तुरुंगातून सुटतोय. नोकरी कोण देणार? तेव्हा छोटासा धंदा काढून द्यावा म्हणतोय. तुम्ही केलंत ना? मग सांगा काही." मी काय केलं होतं आणि किती वर्षं आत होतो हे त्यांना ठाऊक असतं, ठाऊक असतं म्हणूनच मला विचारतात. तेव्हा ते सगळं गाळतो.

आजवर माझी दोन उत्तरं ठरलेली होती. दिवस बरा गेला असेल तर "द्या काढून, बिनधास्त". नसेल तर "तुम्ही काढून देऊ नका, त्याचं त्याला काढू द्या". दोन्हींवर लोक "बरं झालं बोललात" म्हणून फोन ठेवतात. म्हणजे दोन्ही उत्तरं त्यांच्या फारशा कामाची नसावीत.

आधी नोकरीचं. नोकरी कोण देणार, ही तुमची भीती खोटी नाही. डेव्हा पेजर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिल्वॉकी शहरात एक प्रयोग केला. 2003 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सारखं शिक्षण, सारखा अनुभव सांगणारे तरुण नोकऱ्या मागायला पाठवले, फरक इतकाच की काहींनी तुरुंगवास सांगायचा. गोऱ्या तरुणांमध्ये शिक्षा नसलेल्यांच्या 34 टक्के अर्जांना पुढचं बोलावणं आलं, शिक्षा सांगणाऱ्यांच्या 17 टक्के. काळ्या तरुणांमध्ये हेच आकडे 14 आणि 5. म्हणजे काहीही न केलेल्या काळ्या मुलापेक्षा तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याला जास्त बोलावणी. आपल्याकडे कोणी हा प्रयोग करायचा म्हटला तर अर्जांवर आडनावं बदलून करावा लागेल, आणि त्याचे आकडे बघायची मला हौस नाही.

हे सांगून झालं की मी वर म्हणत असे, "म्हणूनच धंदा. आपल्या धंद्यात आपल्याला कोण विचारतो?" टाळ्या मिळणारं वाक्य आहे. पण विचारतात. नोकरीत एकच माणूस एकदा विचारतो. धंद्यात जागेचा मालक विचारतो, बँक विचारते, मोठं काम देणारा विचारतो, आणि विम्याचा फॉर्म विचारतो. विम्याबद्दल तर लोक अगदीच गाफील असतात. विमा घेणाऱ्याने आपल्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट आपणहून सांगायची, हा दंडक इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफील्डने 1766 मध्ये एका खटल्याच्या निकालात घालून दिला, आणि त्याचा धाक अजून गेलेला नाही. फॉर्मवर शिक्षेबद्दल विचारलं असताना तुम्ही ती लपवली, तर वर्षानुवर्षं हप्ते भरूनही आग लागल्यावर हातात काही पडेलच असं नाही. ब्रिटनमध्ये 1974 पासून असा कायदा आहे की ठरावीक काळ सरळ गेला की बऱ्याचशा शिक्षा संपल्यात जमा होतात आणि मग त्या विमा कंपनीलाही सांगाव्या लागत नाहीत. भारतात असा सरसकट कायदा नाही. शिक्षा भोगून संपते, पण कोणी विचारलं की ती पुन्हा सांगावी लागते.

आणि कृपा करून त्याला पहिल्याच महिन्यात "प्रायव्हेट लिमिटेड" काढायला लावू नका. पाटीवर बरं दिसतं, मान्य. पण 2013 च्या कंपनी कायद्याचं 164 वं कलम असं आहे की सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं संचालक होता येत नाही. सात वर्षं किंवा जास्तीची कैद असेल तर कधीच नाही. एकट्याच्या मालकीचा साधा धंदा असेल तर हे कलम आडवं येत नाही. सीए अनेकदा हे सांगत नाहीत, कारण समोरचा माणूस आत जाऊन आलाय हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कर्जाचं विचारता. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यातल्या कैद्यांसाठी "जिव्हाळा" नावाची कर्जयोजना सुरू केली, 50 हजारांपर्यंत. बातमी वाचून मला कितीतरी फोन आले. पण ते कर्ज शिक्षा चालू असताना, घरच्यांच्या अडीअडचणीसाठी, आणि फेड आतल्या मजुरीतून. सुटून आल्यावर धंद्याला भांडवल हवं, तर तुम्ही इतर कर्जदारांच्याच रांगेत. तिथे अडतं ते गुन्ह्यापायी कमी आणि कागदांपायी जास्त: मोबाइल नंबर बंद पडलेला, आधार त्याच नंबराला जोडलेलं, पत्ता बदललेला, आणि इतक्या वर्षांत बँकेत एकही व्यवहार नाही. हे काम तो आत असतानाच सुरू करता येतं, पण घरचे तेव्हा वकिलाच्या मागे असतात. अमेरिकेत टेक्ससमधल्या एका संस्थेने 2004 पासून तुरुंगाच्या आतच धंद्याचा आराखडा लिहायला शिकवायला सुरुवात केली. बाहेरचे उद्योजक येऊन तो आराखडा ऐकतात आणि फाडतात. मला त्यातलं फाडणं आवडतं. सुटून आलेल्याशी सगळे एकतर फार गोड बोलतात नाहीतर बोलतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्ही प्रश्नाच्या शेवटी हळूच जोडता. "धंदा त्याच्या नावावर नको काढायला ना? धाकट्याच्या नावावर काढू, चालवेल हाच."

माझा धंदा माझ्या दादाच्या नावावर होता. सुतारकाम मी आत शिकलो. दादाला रंधा आणि पटाशी यांत फरक कळत नसे. जागा त्याने घेतली, खातं त्याचं, पाटी त्याची, बिलावर सही त्याची. माझी त्या वेळी काही तक्रार नव्हती. उलट बरं वाटायचं की कुठेच आपलं नाव नाही.

मग एका शिक्षणसंस्थेचं काम आलं. सभागृहातली बाकं, सलग रांगांची, मागून पुढे उतरत जाणाऱ्या जमिनीवर. आमच्यासाठी एवढं मोठं काम पहिल्यांदाच. करारात एक अट होती: आवारात येणाऱ्या प्रत्येक कामगाराचा पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा. जिथे मुलं असतात तिथे ही अट असणारच. माझी मुलगी त्या शाळेत असती तर मीही आग्रह धरला असता. दादा म्हणाला, "तू कारखान्यात बनव, मी दोन पोरं घेऊन आत बसवून येतो." मापंही तोच घेऊन आला.

बाकं चोख झाली होती. टेम्पोबरोबर मी गेलो तो फाटकापर्यंत. आत सामान उतरलं आणि थोड्याच वेळात दादाचा फोन: सगळी रांग डुगडुगतेय. जमिनीचा उतार सगळीकडे सारखा नव्हता, आणि मापं एकाच कडेची घेतलेली. मी टेम्पोत बसून व्हिडिओ कॉलवर सांगत होतो, तिसऱ्या पायाखाली पाचर घाल, नाही, आतल्या बाजूच्या, थांब, कापू नको. दादा घामाघूम. पोरं माझ्याकडे काम करणारी, त्यांना कळत होतं काय करायचं ते, पण मालकासमोर बोलेनात. एक पाय नको तिथे कापला गेला. फळीची कोर फाटली. ती फळी मी स्वतःच्या हाताने घासली होती आणि ती मला मोबाइलच्या पडद्यावर तडकताना दिसली.

शेवटी संस्थेचे व्यवस्थापक फाटकाशी आले. दादा त्यांच्या मागे. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला यातलं कळतं असं दिसतंय. आपण कोण?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "हा आमच्याकडे कामाला आहे. दाखला आणायचा राहिलाय त्याचा."

एवढंच. अपमान करायचा म्हणून तो बोलला नाही. मला वाचवायला बोलला, कामही वाचवलं. व्यवस्थापकांनी चौकीदाराला सांगून मला दादाच्या जबाबदारीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर, तासभर आत येऊ दिलं. मी बाकं बसवली. येताना त्यांनी दादाचं कौतुक केलं की माणसं चांगली धरली आहेत.

परतताना टेम्पोत आम्ही दोघंही गप्प. घरी गेल्यावर मात्र भांडलो, आणि भांडण त्या वाक्यावर झालंच नाही. झालं मापांवर, पैशांवर, आईच्या औषधांवर, मी आत असताना कोणी काय सोसलं त्यावर. भांडता भांडता मला कळलं की हिशोबाची वही मी कधी उघडून बघितलेली नाही. आतमध्ये मजुरीचा दर ठरवून दिलेला असतो, उठणं-जेवण-झोपणं ठरवून दिलेलं असतं. बाहेर आल्यावर आपल्या दिवसाचे किती पैसे मागायचे, हे बोलायला जीभ रेटत नाही. दादा मागायचा, म्हणून मला मागावंच लागलं नव्हतं. कितीतरी कामं मी केली आणि एकाचाही भाव मी ठरवलेला नव्हता.

त्यानंतर मी माझ्या नावावर धंदा केला. तुम्हाला ऐकायचं असतं की मग सगळं मार्गी लागलं. संस्थांची कामं थांबली. दोन जागामालकांनी नाव ऐकून "कळवतो" म्हटलं. घरगुती कामांवर आलो, दुरुस्त्या, कपाटाची दारं. ज्यांच्या घरात शिरायचं त्यांना मी आधीच सांगतो. काही जण काम देत नाहीत. काही जण देतात आणि मग दिवसभर खोलीतून हलत नाहीत. ते मला जास्त जड जातं, पण त्यांना दोष कसा देऊ?

सुटून आलेला तो जुना मी इथे असता, तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. म्हणाला असता, पाटीवर कोणाचं नाव याने पोट भरतं का? दादाच्या नावावर कामं होती, मजुरी वेळेवर होती, मुलीची फी जात होती. ऐटीपायी सोडलंस. त्याला द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नाही. मी म्हणतो, दादाला काही झालं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं? खातं त्याचं, गिऱ्हाईकं त्याची, कर्जाची वेळेवर केलेली फेडही त्याच्याच नावावर जमा. तो म्हणतो, झालं तर नव्हतं ना काही. आणि पहिल्या दिवसापासून तुझ्या नावावर काढायला गेला असतास, तर ती जागा मिळालीच नसती. हेही खरं आहे.

तेव्हा तुमच्या मुलाचं. फसवणुकीच्या गुन्ह्यात गेला असेल तर आगाऊ पैसे घ्यावे लागतात असा धंदा त्याला देऊ नका; वाईट वाटलं तरी चालेल. जामीन किंवा तारखा बाकी असतील तर रोज उघडावं लागतं असं दुकान नको, कामावर कामाचे पैसे असं काही बघा. मदत म्हणून पैसे द्यायचे तर त्याच्या खात्यात द्या आणि कागद करा, म्हणजे फेडल्याची नोंद त्याची होईल. धाकट्याच्या नावावर काढायचंच असेल, आणि पुष्कळदा दुसरा इलाज नसतो, तर किती काळ, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. भाव त्याला ठरवू द्या, चुकला तरी. आणि धाकट्यालाही विचारा. त्याला कोणी विचारत नाही.

हे लिहून झाल्यावर मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कामाला आहे हे वाक्य लिहिलंस. जागेचं डिपॉझिट भरायला मी काय विकलं ते नाही लिहिलंस." मी म्हटलं, लिहितो. तर म्हणाला, नको, लोकांना कशाला. मग परत म्हणाला, विकलं होतं एवढं तरी लिही.