तुम्ही विचारलंत म्हणून: जंगल एवढे दाट, मग जमीन निकस कशी?

मृदाशास्त्र शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ॲमेझॉनची जमीन निकस असेल, तर तिच्यावर एवढाले वृक्ष वाढतात कसे? विचारणारा बहुधा शेतकऱ्याच्या घरातला असतो, आणि जिथे हिरवे जोमदार तिथली जमीन कसदार, हा त्याचा ठोकताळा आपल्या काळ्या रानात सहसा चुकत नाही.

पूर्वी मी सांगत असे की तिथली सारी अन्नद्रव्ये झाडांत असतात आणि मातीत काहीच नसते. हे उत्तर सोपे होते, पण अर्धेच खरे होते. पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम यांचा मोठा वाटा खरोखर झाडांच्या अंगात असतो. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मात्र मातीतही बऱ्यापैकी असतात. खरी मेख आहे ती माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरदाच्या आधी छापलेल्या ‘उपलब्ध’ या शब्दात. लाखो वर्षांच्या पावसाने मध्य आणि पूर्व ॲमेझॉनच्या मातीतली मूळ खनिजे झिजून गेली, मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरली, आणि ती स्फुरदाला असे जखडून ठेवतात की मुळांना तो सहजी सुटत नाही. (कोकणातल्या जांभ्या मातीचे दुखणेही याच जातीचे. अँडीज पर्वताकडच्या पश्चिम ॲमेझॉनची माती मात्र तुलनेने तरुण आणि कसदार आहे.)

म्हणून तिथले झाड मातीपेक्षा पाचोळ्यावर अधिक विसंबते. पान गळण्याआधी त्यातला बराचसा स्फुरद झाड परत ओढून घेते. जे गळते ते दमट उष्म्यात लवकर कुजते, आणि पृष्ठभागालगतची बारीक मुळे व त्यांच्याशी जोडलेली बुरशी त्यातले अन्न खाली मुरण्याआधीच टिपतात. व्हेनेझुएलातील सान कार्लोस दे रिओ नेग्रो येथे मुळांच्या अशा जाळीवर किरणोत्सारी स्फुरद आणि कॅल्शियम शिंपडले, तेव्हा खाली झिरपला तो जेमतेम ०.१ टक्का, हे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. मला अधिक बोलका वाटतो तो ब्राझीलमधील मानाउसजवळचा प्रयोग. तिथे जुन्या जंगलाला वेगवेगळी खते देऊन पाहिली, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार नत्राने वाढीत फरक पडला नाही, स्फुरदाने पडला. तोही पहिल्या दोन वर्षांत खोडांत नव्हे, तर पानांत व बारीक मुळांत दिसला.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग जंगल तोडून जाळले, तर ते सारे पिकाला मिळेल ना? मिळते. राब भाजणाऱ्याला राखेचे बळ वेगळे सांगावे लागत नाही, आणि तिथेही पहिले एक-दोन हंगाम पीक चांगले येते. पण अन्न अडवून धरणारी मुळांची जाळी मोडलेली असते. त्यामुळे पालाश पावसाबरोबर निघून जातो, स्फुरद पुन्हा लोहाच्या मुठीत अडकतो, आणि शेतकरी कुऱ्हाड घेऊन पुढच्या तुकड्याकडे वळतो.